सोबतीला आलेला माणूस

रॉटरडॅम
१२ जानेवारी २०२५

प्रिय शामलाताई,
सप्रेम जयभीम.

माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी अशा: इंदोऱ्याच्या आपल्या घराचे दोन्ही दरवाजे, त्यांच्या कड्यांसकट. गच्चीवर जाणारा लोखंडी जिना, ज्याची एकही पायरी दुसरीपेक्षा सूतभर उंच नाही. तुझ्या अस्मिताचा पाळणा, जो पुढे तिच्या अभ्यासाचं टेबल झाला. संत्री तोडायची लांब दांड्याची कैची, जी नरखेडला ताराचंदमामाच्या बागेत आजही चालते. तुझ्या खोलीतला दिवा, दारावरची घंटी दाबली की पेटणारा. आणि पाचपावलीच्या वर्कशॉपमध्ये, नववीत शाळा सोडल्यापासून आजवर, कूलर. किती, ते लिहीत नाही. तू म्हणशील फुशारकी मारतो. एवढंच लिहितो की पत्रा कापण्यापासून पाणी झिरपायची वाळ्याची ताटी बसवण्यापर्यंत सगळं माझं, कोणाकडे शिकलेलं नाही, आणि माझा एकही कूलर आवाज करत नाही.

हे तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण काल मेघाच्या इथल्या लॅबच्या लोकांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. लांबच लांब टेबल, मेणबत्त्या, मध्ये मोठ्या वाडग्यात कच्चा पाला. समोरच्या बाईने मला विचारलं, तुम्ही काय करता? मी मनात इंग्रजी जुळवत होतो. 'डेझर्ट कूलर' म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, जेवणानंतरचं गोड थंड करणारा माणूस. तेवढ्यात मेघाच म्हणाली, "हे माझ्या सोबतीला आलेत." इंग्रजीत म्हणाली, पण अर्थ तोच. बाई म्हणाली, "हाऊ नाइस," आणि पाल्याकडे वळली.

झालं. एवढ्या एका वाक्यात मी संपलो.

मेघाला बोल लावत नाही. तिचं काम मोठं आहे. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होतो, तो का आणि कधी, हे हिंगण्याच्या तिच्या लॅबमध्ये तिने मोजलं. आता इथल्या खरेदीदाराच्या लॅबमध्ये तेच मोजमाप पटवून द्यायचं आहे. सकाळी आठला जाते, अंधार पडल्यावर येते. मी दिवसभर या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. इथे दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही, ताई. दार आपोआप हळू मिटतं. नळ गळत नाही. आणि शांतता अशी, की रात्री कानात दडे बसल्यासारखं होतं. आपल्या खोलीत कूलर चालू नसेल तेव्हाही पंखा तरी असतो. इथे काहीच फिरत नाही. मला झोप येत नाही. सहा आठवडे काढायचे आहेत. बावीस फेब्रुवारीचं परतीचं तिकीट आहे, कूलरचा सीझन त्यानंतरच सुरू होतो, म्हणून निभावेल.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओत माझे ओठ वाचता येत नाहीत, म्हणून कागदावर लिहून फोटो अस्मिताच्या फोनवर पाठवतो. तूही तसंच कर. टाइप करू नकोस, तुझ्या वेलांट्या चुकतात.

तुझा भाऊ,
देवानंद

---

इंदोरा, नागपूर
१७ जानेवारी

देवा,
जयभीम. तुह्यं पत्र भेटलं. वरचा भाग वाचून मले पहिले वाटलं का कोटेशन पाठवलं. अस्मिता म्हणे, "आई, खाली जीएसटी पाहून घे."

आन् हे 'तुला-मला' काय लावलं गा? बहिणीले लिहून राहिला का कलेक्टरले? चाळीस वर्सं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली मी, पण बोलतो तसंच लिहीन. वेलांटी चुकली तं चुकू दे, पोरं तं नाही उपाशी राहिली.

सोबतीले आला म्हटलं तं काय एवढं लागलं तुले? मंग काय म्हणायचं व्हतं तिनं, हे माहे मालक, याईनं जिना बनवला?

शांततेचं मले सांगू नको. नऊ वर्सं झाली माह्या कानाले सुटी देऊन. आन् एक गोष्ट समजावून सांग. तू हरेक गिऱ्हाइकाले छातीवर हात ठेवून सांगते, माह्या कूलरले आवाज नाही. मंग तिकडं तुले झोप काहून येत नाही? जो आवाज नाहीच, त्याची आठवण येते कशी बाप्पा?

इकडं सारं बरोबर. तुह्या हाताखालचा धम्मदीप रोज वर्कशॉप उघडते, झाडते, तुह्या खुर्चीवर बसत नाही. तुह्या दिव्याचा बल्ब चांगला आहे. कोणी घंटी दाबली का पेटते. थंडी आहे. मेघाले जेवू घालजो, ती कामात असली का जेवत नाही, तुले ते दिसत नाही.

शामला

---

रॉटरडॅम
३० जानेवारी

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

कूलरला आवाज नसतो. हवेला असतो. हा फरक तुला मी आल्यावर समजावून सांगेन.

आता जे झालं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. शनिवारी दुपारी मेघा घरी होती, लॅपटॉपवर. न्हाणीघराच्या छतात हवा खेचणारी एक जाळी आहे. आत पंखा असणार, हे उघड आहे. पण आवाज नाही. पंखा आहे आणि आवाज नाही, हे मला पटेना. मी स्टुलावर चढलो, जाळीचे चार स्क्रू काढले आणि कान लावला. शेजारी एक पांढरी डबी होती, तिला माझा हात लागला असेल. पुढे सगळी इमारत किंचाळायला लागली, ताई. सातही मजल्यांची माणसं बाहेर रस्त्यावर. दोन अंशांची थंडी. मेघा पायमोज्यांवर. एक आजी मांजर घेऊन.

केअरटेकर हेन्क म्हणून आहे, दारासारखा रुंद. त्याने माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहिला.

"यू टच?"

"नो टच," मी म्हटलं. "आय लिसन."

त्याने माझ्या कानाकडे बोट केलं. मग म्हणाला, "नो लिसन."

 वर आल्यावर मेघा म्हणाली, "तुम्हाला एक दिवस नुसतं बसता येत नाही का हो?" आता तू सांग. मला येतं का?

दुसरी बातमी जास्त वाईट आहे. मेघाचं काम लांबलं. मृग बहाराची फळं आपल्याकडे फेब्रुवारीत उतरतील, त्यांचाही रस तपासल्याशिवाय इथले लोक करार करणार नाहीत. म्हणजे तिला मार्चअखेरपर्यंत राहावं लागेल. मार्च म्हणजे माझा सगळा सीझन. मार्चमध्ये जे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेलं, ते परत फिरत नाही. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "तुम्ही ठरल्या तारखेला जा. तुमचा सीझन आहे. मी राहीन." पाठमोरी होती, बेसिनपाशी संत्रं सोलत. ते तसंच ठेवून दिलं, खाल्लं नाही.

मला कळलं काय ते. सोबतीला आणलेला माणूस अडचणीचा झाला. मी बावीसला येतो. तुझा दिवाही पाहायला हवा, बल्बचं होल्डर जुनं आहे. तुझ्याकडे लक्ष द्यायलाही कोणी नको का?

देवानंद

---

इंदोरा
५ फेब्रुवारी

देवा,
जयभीम. 'आय लिसन' वाचून अस्मिता खुर्चीवरून पडली. मी तिले म्हटलं, हास बाई, तुह्या मामानं हॉलंड रस्त्यावर आणला.

माह्यासाठी येतो म्हणू नको. मी आहे तशी बरी आहे. काल महाल वस्तीतल्या गोपाळरावाचा फोन आला व्हता, दुकानात तुहे चार कूलर लावले त्याचा. खोकत खोकत म्हणे, "देवानंद कुठं मेला?" मी म्हटलं, हॉलंडले. तं म्हणे, "मंग ताट्या कोण बदलवीन, हॉलंडची राणी?" मी सांगतलं का धम्मदीप येईन, आन् तुमी पहिले खोकल्याचं औषध घ्या. अस्मिता ऑफिसात व्हती, नाही तं तीच बोलली असती.

मागच्या मोरीचा नळ तेवढा पाहायले सांगतो धम्मदीपले. रातभर टपटप, टपटप. डोळ्याले डोळा लागू देत नाही मेला.

मेघा पाठमोरी काहून व्हती, याचा विचार केला काय तू? तू जाळी उघडून पाहते, स्क्रू काढून पाहते. बायकोचं तोंड फिरवून पाहायले स्क्रू नाही लागत गा.

शामला

---

रॉटरडॅम
६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन गोष्टी जुळत नाहीत.

एक, गोपाळराव खोकत बोलले हे तुला कसं समजलं? दोन, अस्मिता ऑफिसात होती, तर फोन घेतला कोणी? तीन, मोरीचा नळ. तो माझ्या माहितीप्रमाणे चार वर्षांपासून गळतो. तुला कधी त्रास झाला नाही. आता रात्रभर 'टपटप'?

तू कानाची मशीन लावली आहेस.

मी तुला दोन वर्षं सांगतोय की बाजारातल्या मशिनीत खरखर येते, थांब, मी बनवून देतो. माझं काम अर्ध्याच्या वर झालं होतं. तू थांबली नाहीस, आणि लपवलंस. ठीक आहे. तुला माझ्या दिव्याची गरज नाही, मेघाला माझी नाही. कूलरला तरी असेल. बावीसला निघतो.

देवानंद

---

इंदोरा
९ फेब्रुवारी

देवा,

हो. लावली. तू विमानात बसला त्याच्या तिसऱ्याच दिवशी अस्मितानं नेलं मले. तुह्या समोर लावली असती तं तू ती माह्या कानातून काढून खोलून पाहिली असती.

रागावू नको. दोन वर्सं तू म्हणून राहिला, थांब ताई, मी बनवतो. तुह्या टेबलावर तिचे तुकडे डबीत ठेवले आहे, रोज दिसे मले. रोज रातच्याले तू चष्मा लावून बसे. मी मशीन घेऊन आली असती तं त्या डबीचं काय झालं असतं? म्हणून मी बहिरी राहिली. आता तू नव्हता, तं वाटलं, आयकून तं पाहू.

देवा, पहिला आवाज कोणता आला सांगू? माह्या चपलेचा. मले वाटलं मागं कोणी येऊन राहिलं. मंग अस्मिता बोलली. तिचा आवाज माह्याजवळ पोरीचा व्हता, शाळेतल्या. आता आयकला तं तिच्या बापाचा निघाला, तसाच घोगरा. मी तिले म्हटलं, बोलत राह्य. ती म्हणे, काय बोलू? मी म्हटलं, काही बी, वीजबिल वाच.

मंग तुह्या खोलीत जाऊन कूलर चालू केला, म्हटलं पाहू माह्या भावाचा बिनआवाजाचा कूलर. देवा गा! गिरणी बरी. एवढे वर्स तू लोकायच्या तोंडावर खोटं बोलत व्हता आन् लोकं आयकून घेत व्हते, इतके चांगले लोकं आहे नागपूरचे.

दिवा काढला नाही. काढणार बी नाही. घंटी वाजली तरी माही मान पहिले दिव्याकडंच जाते.

आता तुह्या त्या शब्दाचं. तू आठ वर्साचा असशील. बाजूच्या अंजनाबाईच्या नवऱ्याची मिलमध्ये रातपाळी राहे, तिले एकटीले भेव लागे. आई तुले तिच्या घरी सोबतीले झोपायले पाठवे. तू उशाखाली पेचकस घेऊन जाये. चोर आला असता तं तू त्याचं काय केलं असतं? नट आवळला असता? तू तं पडल्या पडल्या घोरे. पण अंजनाबाई आईले म्हणे, "पोरगं घोरते, आन् मले झोप येते." दुसऱ्या दिवशी तू साऱ्या गल्लीले छाती काढून सांगे, मी सोबतीले गेलतो. तवा त्या शब्दाचा तुले केवढा अभिमान! आता मेघानं तोच शब्द वापरला तं अपमान झाला?

एक गोष्ट मी सांगणार नव्हती. मेघाच्या कंपनीनं तिकीट एकच देलं व्हतं. तुहं मेघानं आपल्या पैशानं काढलं. मले म्हणे, "ताई, त्यांना सांगू नका, नाहीतर ते येणार नाहीत. आणि मला तिथे एकटीला झोप येणार नाही."

मी सांगून टाकलं. तिनं मले शिव्या देल्या तं आता आयकू येईन.

बावीसले यायचं तं ये. मी बी वाट पाहून राहिली. पण पहिले तिचं तोंड पाहजो.

शामला

---

रॉटरडॅम
१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र फोनमध्ये आणि फोन खिशात, असा दोन दिवस फिरलो. काल संध्याकाळी मेघा आली, मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "तिकीट कोणी काढलं?"

तिने बूट काढले, जागेवर नीट ठेवले. "ताई पण ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"कंपनी दोघांना बोलावतेय म्हटल्यावर तुम्ही त्याच दिवशी शर्ट इस्त्रीला टाकले. मी बोलावतेय म्हटलं असतं, तर म्हणाला असतात, सीझन तोंडावर आहे."

तसंच म्हणालो असतो. शब्दही तेच.

"आणि त्या दिवशी जा म्हणालीस ते?"

"मग काय म्हणू? माझ्यासाठी तुमचं दुकान बुडवा म्हणू?" मग ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही झोप येत नाही म्हणून कूस बदलता, मी तुम्हाला कळू नये म्हणून बदलत नाही. एवढाच फरक."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय, ताई. महिनाभर समोर होतं. मी छताची जाळी पाहत होतो.

तुझ्याकडून एक काम हवं आहे. आमच्या खोलीत जा. कूलर दुसऱ्या नंबरवर चालू कर. मेघाच्या बाजूला, भिंतीकडे, आडवी हो आणि डोळे मिटून ऐक. जसं ऐकू येईल तसं लिही. माझ्या कानाला त्याची सवय झालेली आहे, मला आता तो नीट आठवत नाही. तुझा कान नवा आहे. गिरणी वगैरे लिहू नकोस. नेमकं लिही.

देवानंद

---

इंदोरा
१४ फेब्रुवारी

देवा,

झोपली. नेमकं लिहून राहिली.

पहिले खालून एक मोठा आवाज, भरलेला, जसं दूर मालगाडी उभी आहे आन् तिचं इंजिन चालू आहे. त्याच्यावर बारीक, सुपात गहू पाखडल्यासारखं, सर्र, सर्र. ते तुही हवा असन. मधी मधी पाणी ताटीवरून उतरते त्याची झिरझिर. आन् थोड्या थोड्या वेळानं एक खट्. घाईत नाही. जसं कोणी बोटानं दार वाजवते आन् म्हणते, आहो ना आम्ही. मंग पुन्हा सर्र, सर्र.

पहिले पाच मिनिटं डोकं उठलं. मंग काय झालं माईत नाही. अस्मितानं दिवा लावला तवा जाग आली. पोळ्या राहून गेल्या करायच्या.

फोन लावजो. कूलरजवळ धरतो.

शामला

---

रॉटरडॅम
९ मार्च

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, कारण हात कामात होते.

त्या दिवशी तू फोन कूलरजवळ धरलास आणि मी काही बोललो नाही, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. नऊ वर्षांनी बहिणीने फोन उचलला आणि मी तिला एक शब्द बोललो नाही. पण मेघा शेजारी बसून ऐकत होती, आणि तो खट् आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. 

दुसऱ्या दिवशी हेन्ककडे गेलो. तळघरात त्याची अडगळीची खोली आहे. म्हटलं, जुना पंखा आहे का? तो म्हणाला, "फॉर टच ऑर फॉर लिसन?" मी म्हटलं, दोन्ही. त्याने एक टेबलपंखा दिला, लोकांनी टाकून दिलेला. मी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, पंख्याचा गाभा त्यात उलटा बसवला, म्हणजे वारा आत राहील आणि फक्त आवाज बाहेर येईल. इथल्या थंडीत वारा कोणाला हवा? मालगाडीसाठी डब्याच्या तळाशी लाकडी फळी आणि तिच्यावर रबर. सर्र सर्रसाठी तोंडावर कोरड्या गवताची जुडी, कालव्याच्या काठावरून कापून आणली, वाळा नाही पण चालते. पाण्याची झिरझिर मात्र जमली नाही. ती सोडून दिली.

आता त्या खट्बद्दल. मला तो माहीत होता, ताई. कूलरचं तिसरं पातं जाळीला किंचित लागतं. मागे एकदा मी ते बदललं होतं, एकदम बिनआवाजाचं नवीन पातं घातलं. चौथ्या रात्री मेघा म्हणाली, "जुनंच लावा, मला झोप लागत नाही." मी लावलं. गिऱ्हाइकाला सांगायची ही गोष्ट नव्हे. म्हणून इथे मुद्दाम तिसरं पातं वाकवलं, चिमट्याने, केसभर. पहिल्यांदा फार जवळ लागलं, घाईचा आवाज आला. तू लिहिलं होतंस, घाईत नाही. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

लावल्यावर मेघा हसली. म्हणाली, "अहो, हे तर कूलर नाही, कूलरचं भूत आहे." मग आडवी झाली, आणि पुढचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. सकाळी तिला उठवावं लागलं. मी केव्हा झोपलो ते कळलं नाही. ती म्हणते मी घोरलो. अंजनाबाईनंतर तक्रार न करणारी हीच.

मी राहिलो, हे तुला त्या तारखेलाच समजलं असेल. तिकीट बदललं. मार्चअखेर दोघं मिळून येऊ. धम्मदीपला माझ्या खुर्चीवर बसायला सांग. ताट्या बदलताना वाळा आधी रात्रभर भिजत घालायचा, हे त्याला येतं, तरी सांग. गिऱ्हाइकांचे फोन तू घे. गोपाळरावांना पहिल्या नंबरवर ठेव. यंदा काही लोक दुसरीकडे जातील. जाऊ देत. जो येईल आणि विचारेल, आवाज करतो का, त्याला सांग, करतो. कसा करतो, ते तूच सांग. तुझ्यासारखं मला सांगता येणार नाही.

मेघाचा रस अजून कडू होतोच. पण आता उशिरा होतो, आणि का होतो ते तिला आणि त्या लोकांना दोघांनाही दिसू लागलंय. परवा पुन्हा त्यांच्याकडे जेवण होतं. तीच बाई समोर. मला ओळखलं आणि विचारलं, तुम्ही तर सोबतीला आलात, नाही का? मी म्हटलं, "येस. आय एम व्हेरी गुड अ‍ॅट इट." मेघाने टेबलाखालून पाय मारला.

टेबलावरची ती डबी, तुझ्या मशिनीच्या तुकड्यांची, अस्मिताला दे. तिच्या टिकल्या, कानातले, काय ते राहील त्यात. आणि खरखर येत असेल तर मी आल्यावर पाहू. खोलणार नाही. फक्त पाहीन.

आता शेवटचं. डब्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. मला वाटलं हेन्क भांडायला येतो. तो आला, खुर्चीवर बसला, डोळे मिटले आणि तिथंच डुलक्या घ्यायला लागला. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याले घेऊन आला. तो मेव्हणा, ज्या लोकायले झोप येत नाही त्याईच्यासाठी आवाजाच्या मशिनी विकते. पावसाचा आवाज, समुद्राचा आवाज. तो अर्धा तास डब्यापाशी कान लावून बसला. म्हणे, समुद्र सगळे विकतात, हा आवाज कोणाजवळ नाही. हा डबा मले द्या, मी याच्यासारखे हजार बनवतो, खट् सहित. मी मेघाकडं पाहिलं. तिनं डब्यावर हात ठेवला, जसा तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवते. मी त्याले म्हटलं, हा आमच्या झोपायच्या खोलीचा आवाज आहे, भाऊ. त्याले वाटलं भाव कमी पडला, म्हणून त्यानं वाढवला. ताई, मी नाही म्हणून सांगतलं. अठराशे युरो देत व्हता, आजच्या भावानं एक लाख एकोणसत्तर हजार दोनशे रुपये.

तुहा,
देवा